लोहाऱ्याचे गवत आणि गुन्ह्याचा अभ्यास

गुन्हेगारीशास्त्र तीन प्रश्नांभोवती फिरते. एखादे कृत्य गुन्हा ठरते कसे, तो ठरल्यावरही माणसे ते का करतात, आणि केल्यानंतर समाज त्यांच्याशी कसा वागतो. एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने विषयाची केलेली व्याख्या जवळपास हीच आहे: कायदे होणे, ते मोडले जाणे आणि मोडणाऱ्याला मिळणारा प्रतिसाद. बारावीनंतर या वाटेकडे वळणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर मात्र खाकी वर्दी असते, नाहीतर मालिकेतला हातमोजे घातलेला तज्ज्ञ. विषय त्या दोन्हींपेक्षा बराच मोठा आहे.

पहिला प्रश्न समजून घ्यायला यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा पुरेसे आहे. आज लोहारा म्हटले की एमआयडीसी आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आठवते. २१ जुलै १९३० रोजी तिथल्या जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवार आणि त्यांच्या सोबत्यांनी गवत कापले आणि त्यांना अटक झाली. अकरा दिवस आधी, १० जुलैला, पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रहाची सुरुवात करून स्वतःला अटक करवून घेतली होती. अणे यवतमाळात वकिली करत. कोणत्या कृत्याला कोणते कलम लागते, हे त्यांना पकडणाऱ्यांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असावे. हेडगेवारांना नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि त्यांची रवानगी अकोल्याच्या तुरुंगात झाली. आसपासच्या गावांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गुरांसाठी जे गवत कापत आली, ते वनकायद्याने सरकारी मालमत्ता झाले आणि कापणे ही चोरी झाली. विळा तोच, गवत तेच, कृत्याचे नाव तेवढे बदलले. गुन्हा ही निसर्गात सापडणारी वस्तू नाही, कोणीतरी ती ठरवलेली असते. या विषयाचा पहिला धडा तो हाच.

ठरवलेली गोष्ट बदलताही येते. त्याचे उदाहरणही विदर्भातलेच. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले, पण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, म्हणून तिची संमती होती, असा तर्क निकालात होता. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून हा तर्क खोडून काढला. पत्राने देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा दुरुस्त झाला. कोठडीतल्या अत्याचाराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे पीडितेने सांगितले, तर न्यायालय तसेच गृहीत धरते, हे तेव्हापासून. अभ्यासकांच्या लेखणीतून फौजदारी कायदा बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

शेजारच्या विषयांशी होणारी गल्लतही आधी दूर करायला हवी. शेतात एक मृतदेह सापडला आहे असे समजा. पोलीस तिथे मरणोत्तर पंचनामा करतात आणि ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. विदर्भातल्या कागदपत्रांत तिला ‘मर्ग’ म्हणतात. डॉक्टर शवविच्छेदन करतात आणि व्हिसेरा राखून ठेवतात, हे न्यायवैद्यकशास्त्र. व्हिसेरा प्रयोगशाळेत जातो आणि त्यात विष होते का, कोणते, हे रसायनतज्ज्ञ सांगतात, हे न्यायसहायक विज्ञान. पोलिसांच्या बोलण्यात त्या अहवालाला अजूनही ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, कारण तो देणाऱ्या अधिकाऱ्याचे जुने पदनाम केमिकल अॅनालायझर. मृत्यूला कोणी जबाबदार असेल तर कोणते कलम लावायचे, हा फौजदारी कायद्याचा भाग. आणि अशा मृत्यूंची नोंद याच तालुक्यांत, याच महिन्यांत, याच थरातल्या माणसांची का होते, हा प्रश्न गुन्हेगारीशास्त्राचा.

यवतमाळ जिल्ह्याने हा प्रश्न २०१७ च्या खरिपात फार जवळून पाहिला. कपाशी माणसाच्या उंचीला आलेली, हवा दमट, पाठीवर पंप, दोन-तीन औषधे एकत्र करून केलेली फवारणी. शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन रुग्णालयात दाखल झाले आणि जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले. चौकशीसाठी राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कृषी केंद्रांवर कारवाई झाली. नेहमीच्या अर्थाने इथे मारेकरी नाही. पण औषध तयार करणारा, ते खपवणारा, परवाना देणारा, दुकाने तपासणारा आणि मजुराला हातमोज्यांविना रानात पाठवणारा अशी साखळी आहे. सदरलँडने १९३९ मध्ये ‘पांढरपेशा गुन्हेगारी’ ही संज्ञा मांडली, ती अशाच साखळ्यांकडे बोट दाखवण्यासाठी: प्रतिष्ठित माणसे आपल्या व्यवसायात जे नुकसान करतात, ते तुरुंगाच्या आकडेवारीत कधी दिसत नाही. ‘मजुराने तोंडाला फडके बांधले नव्हते’ हे वाक्य त्या काळात पुष्कळदा ऐकू आले. पीडितशास्त्र या उपशाखेत अशा वाक्यांचा वेगळा अभ्यास होतो, कारण नुकसान ज्याचे झाले त्याच्यावरच दोष ढकलण्याची ती जुनी रीत आहे.

गुन्हा का घडतो, याची उत्तरे शोधणाऱ्यांची परंपरा अडीचशे वर्षांची आहे. इटलीच्या बेकारियाने १७६४ मध्ये लिहिले की शिक्षेचा धाक तिच्या क्रौर्यातून येत नाही, ती नक्की होणार या खात्रीतून येतो. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच देशातल्या लोंब्रोझोने कवट्या आणि जबडे मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ शोधायचा प्रयत्न केला. तो चुकला, पण ज्या कल्पनेने तो झपाटला होता तीच भारतात कायदा होऊन बसली होती.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचे नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, तिला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती मुक्त झाल्या, म्हणून त्या ‘विमुक्त’. पण त्याच सुमारास राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुनी यादी नव्या वहीत उतरली. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिक्का जन्मभर कसा चिकटतो, हे त्या आत्मकथनातून मराठी वाचकाला घरबसल्या कळले. अभ्यासक्रमात याला ‘लेबलिंगचा सिद्धांत’ म्हणतात: ज्याला सतत चोर म्हटले जाते त्याला काम मिळत नाही, पोलीस आधी त्याच्याच दारात येतात, आणि अखेर तो शिक्का त्याचे भविष्य ठरवतो. विदर्भात पारध्यांच्या बेड्यावर हा सिद्धांत समजून सांगायला पुस्तक लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, कैद्यांना जातीनुसार कामे वाटणारे तुरुंगांचे नियम रद्द केले आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या सवयीवरही बोट ठेवले. १८७१ पासून मोजले तर एकशे त्रेपन्न वर्षे झाली होती.

कारणांच्या बाकीच्या उत्तरांत पुढे समाजशास्त्रज्ञ मर्टनचे नाव येते (१९३८): समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, ते गाठायची साधने मात्र थोड्यांच्याच हाती असतात. शिकागोच्या अभ्यासकांना आढळले की स्थलांतरितांच्या काही वस्त्यांत माणसे बदलत राहिली, गुन्ह्यांचे प्रमाण टिकून राहिले. म्हणजे दोष वस्तीच्या परिस्थितीत होता. हे सिद्धांत परीक्षेपुरते पाठ होतात. त्यांची धार कळते ती आकडे हाती घेतल्यावर.

आकडे हा या शिक्षणाचा सर्वात कमी आकर्षक आणि सर्वात उपयोगी भाग आहे. ‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल १९५३ पासून निघतो, आणि १९८६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आता तो काढतो. त्यात नोंदवलेले गुन्हे असतात, घडलेले नव्हेत. भांडणाची तक्रार घेऊन ठाण्यात गेलेल्या माणसाला ठाणे अंमलदार ‘एनसी’ लिहून देतो, म्हणजे अदखलपात्र नोंद. तिथे फिर्याद झाली असती, तर आकडा एकाने वाढला असता. बाई ठाण्यापर्यंत पोचलीच नाही, तर एनसीही नाही. नोंदीबाहेर राहिलेल्या गुन्ह्यांना अभ्यासक अंधारातला आकडा म्हणतात. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात महिलांवरील गुन्हे वाढलेले दिसले, तर अत्याचार वाढले की बायका तक्रार करू लागल्या, हे आधी विचारावे लागते. बातमीत हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विद्यार्थ्याला तो पहिल्या सत्रातच विचारायला शिकवला पाहिजे.

हे शिक्षण मिळते कुठे? भारतात गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञानाचा विद्यापीठीय विभाग पहिल्यांदा सागर विद्यापीठात १९५९ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात या विषयाचे जुने घर म्हणजे मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, १९३६ मध्ये सुरू झालेली. तिथे हा विषय समाजकार्याच्या अंगाने शिकवला जातो, वर्गात बसण्याइतकाच वेळ क्षेत्रकार्याला असतो. त्याच संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाचे कार्यकर्ते १९९० पासून तुरुंगांत आणि न्यायालयांत काम करतात. विद्यार्थी तिथे जे पाहतो ते साधे असते. जामीन मंजूर झाला आहे, पण जामीनदार नाही, पंधरा हजारांची तजवीज नाही, घरी निरोप गेलेला नाही, म्हणून माणूस आत आहे. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन, बोलीभाषेत ‘कच्चे’, कैदी आहेत. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी आणि जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. ही तरतूद कोणाला लागू होते, याची यादी कोणीतरी बसून करावी लागते. हे काम शिकलेल्या माणसाचे आहे.

लोहाऱ्याच्या विद्यार्थ्याला लगेच मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही. यवतमाळात अमोलकचंद विधी महाविद्यालय आणि सावित्री जोतिराव समाजकार्य महाविद्यालय आहे. गुन्हेगारीशास्त्र आणि दंडशास्त्र हा विषय एलएलबीला अनेक ठिकाणी असतो, समाजकार्याच्या पदवीत सुधारसेवा हा भाग येतो. विज्ञानाकडे ओढा असेल तर नागपूरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था जवळ आहे. २०२० च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय गांधीनगरला आहे आणि एक संकुल गोव्यात.

करिअर ठरवताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: महाराष्ट्रात पोलीस होण्यासाठी गुन्हेगारीशास्त्राची पदवी लागत नाही. शिपाई भरतीला बारावी पुरते. मैदानी चाचणी पन्नास गुणांची, लेखी शंभर गुणांची. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर धावणे, शंभर मीटर आणि गोळाफेक. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले यवतमाळ-लोहारा परिसरात रोज दिसतात, त्यांची तयारी हीच. उपनिरीक्षकपदासाठी कोणतीही पदवी, मग महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा, शारीरिक चाचणी, मुलाखत, आणि निवड झाली की नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण. पदवी भरतीत गुण मिळवून देत नाही. ती कामाला येते नोकरी लागल्यावर, तपास हाती आल्यावर.

तपासाची खरी परीक्षा पंचनाम्यात होते. चोरी झालेल्या घराचा पंचनामा लिहिताना जागेच्या चतुःसीमा, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, कुलूप कसे तुटले, कडीकोयंडा कुठे पडला, हे सगळे दोन पंचांच्या समक्ष उतरवायचे असते. जप्त केलेली पहार कागदात गुंडाळून, पंचांच्या सहीची चिठ्ठी आत लावून, लाखेने सील करायची. चिठ्ठी राहिली तर वर्ष-दोन वर्षांनी आरोपीचा वकील विचारतो, हीच ती पहार कशावरून? त्या एका प्रश्नाने खटला कोसळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे, आणि राज्यांना ही व्यवस्था पाच वर्षांत उभी करायची आहे. यवतमाळच्या परिसराला जवळची प्रयोगशाळा अमरावतीची. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी येत्या काळात खरी मागणी इथे आहे. सायबर तपासातही, कारण १९३० या मदत क्रमांकावर फसवणुकीची तक्रार आली की बँक खाते गोठवण्यासाठी मोजके तास हाती असतात.

कायद्याची पदवी घेतलेल्यांसाठी सहायक सरकारी अभियोक्त्याची वाट आहे. दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या पदासाठी आता पुन्हा किमान तीन वर्षांची वकिली लागते, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती अट परत आणली. पदवी हातात पडताच परीक्षेला बसायची घाई करणाऱ्यांनी ही तीन वर्षे तालुका न्यायालयात फौजदारी कामे बघत काढली, तर ती वाया जाणार नाहीत.

शिक्षेनंतरच्या जगात माणसे कमी आहेत आणि तिकडे जाणारेही कमी. कारागृह विभागात शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत पदे आहेत, अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण येरवड्याच्या दौलतराव जाधव महाविद्यालयात होते. या क्षेत्रात महाराष्ट्राची एक परंपरा आहे, तिचा अभिमान बाळगावा अशी. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले गेले, तिथे कैदी भिंतीविना, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला (१९५७) प्रेरणा तिथूनच मिळाली. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीला खुले कारागृह आहे. गजाआडून थेट गावात परतणारा कैदी आणि मधली काही वर्षे स्वतःच्या हाताने पीक काढून परतणारा कैदी, या दोघांच्या पुढच्या आयुष्यात काय फरक पडतो, हा पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे, आणि मोर्शी यवतमाळपासून फार दूर नाही.

मुलांच्या बाबतीत काम आणखी नाजूक. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळ असते: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक महिला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाच्या हातून अतिगंभीर गुन्हा घडल्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढांप्रमाणे खटल्याला सामोरे पाठवायचे का, याची प्राथमिक तपासणी हेच मंडळ करते. महिलांसाठी पोलिसांच्या आवारात चालणारा विशेष कक्ष १९८४ मध्ये मुंबई पोलीस आणि टाटा संस्थेने मिळून सुरू केला. नंतर तो राज्यभर पसरला आणि तिथे समुपदेशक म्हणून समाजकार्याचे पदवीधरच लागतात. भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा पहिल्यांदाच आली आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल परत केलेला, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. लोहाऱ्याचे गवत आज कोणी कापले असते, तर बहुधा याच कलमात बसले असते. ही शिक्षा कुठे, किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली भोगायची, हे ठरवणारी माणसे अजून घडायची आहेत.

त्यांच्या जवळचे जुने पद म्हणजे परिविक्षा अधिकारी, १९५८ च्या अपराधी परिविक्षा कायद्याने आलेले. मोबाइल चोरताना सापडलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचा अहवाल बाल न्याय मंडळाने मागितला की हा अधिकारी त्याच्या घरी जातो. बाप कामाला कुठे जातो, रोजी किती, शाळा कितवीत सुटली आणि कोणत्या महिन्यात, घरात झोपायला जागा किती, मुलाची संगत कोणाशी, शेजारी त्याच्याबद्दल काय सांगतात, आईला त्याला घरी ठेवायचे आहे का. सगळे त्याच्या वहीत उतरते. अहवाल तीन-चार पानांचा होतो, आणि मुलाला घरी पाठवायचे की निरीक्षणगृहात ठेवायचे, हे ठरवण्याआधी मंडळ तो वाचते.